तार न सोलता आतलं कसं कळतं?

सॉकेटजवळ पेनासारखा टेस्टर नुसता नेला की तो लाल होतो आणि टीं-टीं करायला लागतो. धातूला धातू लागलेला नसतो. मधे प्लॅस्टिक असतं, थोडी हवा असते, आणि तरी त्या पेनाला आत 'लाइव्ह' आहे हे कळतं. पहिल्यांदा बघणारा हमखास विचारतो: म्हणजे वीज बाहेर गळतेय की काय? इन्सुलेशन गेलं का?

इन्सुलेशन ठणठणीत असतं. प्लॅस्टिकचं काम इलेक्ट्रॉन अडवण्याचं आहे आणि ते चोख होत असतं. पण तारेतल्या विद्युतभाराचा प्रभाव भोवतालच्या जागेतही पसरलेला असतो, आणि त्याला अडवणं प्लॅस्टिकच्या आवाक्यातलं नाही. शाळेत वीज शिकवताना पाण्याच्या नळाची उपमा देतात: पाण्याचा दाब म्हणजे व्होल्टेज, धार म्हणजे करंट. उपमा चांगली आहे, पण इथे ती दगा देते. पाइपमधला दाब पाइपबाहेर हात धरून कळत नाही. तार मात्र आपल्या भोवती दोन गोष्टी सतत पसरवत असते, आणि त्या टिपायला आवरण सोलावं लागत नाही.

त्यातली पहिली म्हणजे विद्युत क्षेत्र. तारेवर व्होल्टेज आहे म्हटल्यावर ते असतंच, मग तारेतून करंट वाहो वा न वाहो. दुसरं चुंबकीय क्षेत्र, आणि ते करंट वाहत असेल तरच. टेबललॅम्पचा प्लग सॉकेटमध्ये आहे, सॉकेट चालू आहे, पण दिव्याचं बटण बंद आहे, असं समजा. बटणापर्यंतच्या फेजच्या तारेभोवती विद्युत क्षेत्र पुरेपूर आहे, चुंबकीय जवळजवळ शून्य. बटण दाबलं की दुसरंही येतं. म्हणून पहिलं क्षेत्र ओळखणारं उपकरण फक्त व्होल्टेजबद्दल बोलतं आणि दुसरं ओळखणारं फक्त करंटबद्दल. ही फारकत डोक्यात पक्की बसली की निम्मा विषय संपला. बहुतेक घोटाळे ती न बसल्यामुळे होतात.

आधी पेनाकडे बघू. दोन धातू आणि मधे वीज वाहू न देणारं काहीतरी, एवढं जमलं की कपॅसिटर तयार झाला. तो कारखान्यातच बनावा लागतो असं नाही. आत तांब्याची तार, वर प्लॅस्टिक, मग हवा, मग पेनाच्या टोकातली धातूची पट्टी: झाला कपॅसिटर. ढोलाच्या एका बाजूला थाप मारली की दुसऱ्या बाजूचं कातडं थरथरतं. एका बाजूची हवा दुसऱ्या बाजूने बाहेर पडलेली नसते, फक्त हालचाल पोचलेली असते. कपॅसिटरमध्ये तेच होतं. तारेवरचा दाब वर-खाली झाला की पलीकडच्या पट्टीतले इलेक्ट्रॉन पुढे-मागे सरकतात. आणि ढोलाचं कातडं एकदाच दाबून तसंच धरून ठेवलं तर? पलीकडचं कातडं एकदा फुगून गप्प बसेल. डीसीचं, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचं, हे असं आहे. म्हणून बॅटरीच्या तारेवर हे पेन मुकं राहतं.

आकडे घालून बघितलं की मजा कळते. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा पुरवठा धरू. तार आणि पेनाचं टोक यांच्यातली क्षमता साधारण १ पिकोफॅरड धरू, म्हणजे अगदी नगण्य. ५० हर्ट्झला या कपॅसिटरचा अडथळा होतो तीनशे कोटी ओहमच्या वर. त्यातून वाहणारा करंट सुमारे ७२ नॅनोअँपिअर. एका अँपिअरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातले बहात्तर. माणसाला याची जाणीव होणं अशक्य, पण हाच करंट १० मेगाओहमच्या रोधातून नेला तर त्याच्या दोन टोकांमध्ये ०.७ व्होल्ट उभे राहतात. ट्रान्झिस्टरला जागं करायला तेवढं बास.

मग हा करंट परत कुठून जातो? सर्किट पूर्ण व्हायला हवं ना. ते तुमच्यामधून पूर्ण होतं. पेन तुमच्या हातात आहे, आणि तुमचं शरीर व जमीन मिळून आणखी एक कपॅसिटर होतो, साधारण शंभर पिकोफॅरडच्या आसपासचा. टोकाच्या १ पिकोफॅरडपुढे तो भलताच मोठा, म्हणजे परतीची वाट मोकळीच. हेच पेन हातातून काढून कोरड्या लाकडी टेबलावर ठेवा आणि तार जवळ न्या. त्याचा कान बराच मंद झालेला दिसेल. टेस्टरचा अर्धा भाग आपणच असतो, हे त्याच्या माहितीपत्रकात कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि कुणी वाचत नाही.

आता धोक्याची बाजू. पेन वाजलं नाही म्हणून तार मेलेली आहे असं समजू नका. डीसीचं कारण वर आलंच. तारेभोवती अर्थ केलेलं धातूचं कवच असेल किंवा ती लोखंडी पाइपातून गेलेली असेल, तर विद्युत क्षेत्र कवचापाशीच थांबतं आणि बाहेर काहीच उरत नाही. फेज आणि न्यूट्रल एकमेकांना चिकटून असतील तर टोक नेमकं न्यूट्रलच्या बाजूने टेकल्यावर इशारा कमजोर होतो. पेनाची बॅटरी संपत आलेली असते, हेही आहेच. आणि उलटंही घडतं: ज्या तारेवर काहीच नाही तिथे पेन वाजतं. दोन तारा लांबवर शेजारी-शेजारी गेल्या आहेत, एक चालू, दुसरी दोन्ही टोकांना मोकळी. मोकळी तार शेजारणीकडून कपॅसिटरच्याच वाटेने थोडा दाब उचलते. डिजिटल मल्टिमीटर लावला तरी तो ऐंशी-नव्वद व्होल्ट दाखवू शकतो, कारण मीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओहमच्या घरात असतो आणि तो त्या दाबाला खाली ओढत नाही. एखादा लहान दिवा जोडला की हे 'भुताचं व्होल्टेज' क्षणात गायब. लोकरी कपड्यावर पेन घासलं तरी ते वाजतं, ती स्थिर वीज.

म्हणून जाणकार वायरमन तीन पायऱ्या करतो. नक्की चालू असलेल्या जागी पेन वाजतंय का बघतो, मग हव्या त्या तारेवर लावतो, आणि पुन्हा चालू जागी लावून बघतो. मधल्या वेळात पेनच बिघडलं नाही ना, याची ती तपासणी. त्यानंतरही हात घालण्याआधी तो दोन टोकांचा मीटर लावतोच. पेन कुठे बघायचं ते सांगतं. शेवटचा शब्द त्याचा नसतो.

आता करंटकडे वळू. १८२० साली कोपनहेगनमध्ये हान्स क्रिस्तियन ओर्स्टेड यांना दिसलं की तारेतून प्रवाह सोडला की जवळची होकायंत्राची सुई वळते. तारेला न शिवता तिच्या आतलं ओळखण्याचा हा पहिला लख्ख पुरावा म्हणायला हरकत नाही. एका सरळ तारेतून १ अँपिअर वाहत असेल तर तिच्यापासून १ सेंटिमीटरवर २० मायक्रोटेस्लाचं क्षेत्र असतं. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र जागेनुसार २५ ते ६५ मायक्रोटेस्ला. म्हणजे सुईला पृथ्वीशी बऱ्यापैकी झोंबी घ्यावी लागते, पण ती हलते.

टाँग टेस्टर, म्हणजे क्लॅम्प मीटर, हेच क्षेत्र पकडतो. त्याचा जबडा म्हणजे दोन भागांत उघडणारी चुंबकीय पदार्थाची कडी. जबड्यात तार घेतली की तारेभोवतीचं क्षेत्र त्या कडीतून फिरतं. कडीवर बारीक तारेचे वेढे असतात. फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवलं होतं की बदलतं चुंबकीय क्षेत्र गुंडाळीत वीज निर्माण करतं, आणि एसीचं, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या घरच्या विजेचं, क्षेत्र सतत बदलतच असतं. थोडक्यात हा ट्रान्सफॉर्मर आहे: तुमची जाड तार म्हणजे एका वेढ्याची प्राथमिक गुंडाळी, आतले वेढे म्हणजे दुय्यम. आत हजार वेढे असतील तर तारेतल्या १ अँपिअरमागे १ मिलिअँपिअर मिळतो. करंट फारच कमी असेल तर तीच तार जबड्यातून पाच वेळा फिरवायची आणि आलेल्या आकड्याला पाचाने भागायचं. ही युक्ती मला आजही आवडते, कारण ट्रान्सफॉर्मरचं गणित हातात धरल्यासारखं वाटतं.

पहिल्यांदा क्लॅम्प हातात आला तेव्हा मी हीटरची अख्खी वायर जबड्यात घेतली होती. हीटर लालबुंद, मीटरवर ०.००. मीटर खराब निघाला म्हणून चरफडलो. मीटरची काही चूक नव्हती. त्या वायरच्या पोटात फेज आणि न्यूट्रल दोन्ही होते. एकातून जितका करंट जात होता तितकाच दुसऱ्यातून परत येत होता, आणि दोघांची क्षेत्रं एकमेकांना खात होती. वेगळी केलेली एकच तार जबड्यात घ्यावी लागते, हे तेव्हापासून विसरलेलो नाही.

पण हा शून्य फार कामाचा आहे. जाणारा आणि येणारा करंट अगदी सारखा असेल तरच शून्य येतो. थोडासा करंट वाट चुकून अर्थिंगमध्ये, किंवा एखाद्याच्या अंगातून जमिनीत गेला, तर जाणारा जास्त आणि येणारा कमी होतो, आणि तेवढ्या फरकाचं क्षेत्र शिल्लक राहतं. आरसीसीबीच्या, म्हणजे गळती कळताच वीज तोडणाऱ्या स्विचच्या, आत हीच कडी बसवलेली असते. दोन्ही तारा तिच्यातून नेलेल्या असतात. माणसाच्या संरक्षणासाठी बसवलेली आरसीसीबी साधारणपणे ३० मिलिअँपिअरच्या फरकाला बंद पडते. घरात एकूण २० अँपिअर वाहत असताना हा इवलासा फरक तिला कळतो, कारण ते २० अँपिअर तिला दिसतच नाहीत. दिसतो तो निव्वळ हिशोबातला घोळ.

डीसीचा करंट मोजायचा झाला तर ट्रान्सफॉर्मर उपयोगाचा नाही, क्षेत्र बदलतच नसल्यामुळे. तिथे एडविन हॉल यांचा शोध कामी येतो. १८७९ मध्ये, विद्यार्थी असताना, सोन्याच्या पातळ वर्खातून प्रवाह सोडून त्यांनी तो चुंबकात धरला आणि वर्खाच्या आडव्या कडांमध्ये बारीकसं व्होल्टेज आढळलं. आज अर्धवाहकाची छोटीशी चकती तेच करते आणि ती क्लॅम्पच्या कडीतल्या फटीत बसलेली असते. अशा मीटरवर 'झिरो'चं बटण का असतं हे बघायचं असेल तर रिकामा जबडा हातात धरून स्वतःभोवती एक गिरकी घ्या. आकडा किंचित हलताना दिसू शकतो. ती पृथ्वी असते.

याच घरातली आणखी भावंडं आहेत. रोगोव्स्की कॉइल (१९१२) ही लोखंडाविना असलेली लवचिक गुंडाळी; बसबारभोवती, म्हणजे मोठा करंट नेणाऱ्या धातूच्या जाड पट्टीभोवती, पट्ट्यासारखी गुंडाळता येते आणि कितीही मोठा करंट आला तरी तिचं लोखंड भरून जात नाही, कारण लोखंडच नाही. ती करंट न दाखवता करंट बदलण्याचा वेग दाखवते, मग पुढच्या सर्किटला त्याची बेरीज करावी लागते. उच्चदाब उपकेंद्रांत काचतंतूचे सेन्सर वापरतात: चुंबकीय क्षेत्रात प्रकाशाचं ध्रुवण वळतं हे फॅरडे यांनीच १८४५ मध्ये पाहिलं होतं.

इथवर प्रश्न 'आहे का' आणि 'किती' एवढाच होता. तारेतून माहिती जात असेल तर ती बाहेरून वाचता येते का? येते, आणि हे टेबलावर करून बघण्यासारखं आहे. मी एका ५ व्होल्टच्या सिरियल लाइनवर, म्हणजे एकामागून एक बिट नेणाऱ्या तारेवर, सेकंदाला ९६०० बिट्सच्या वेगाने, 'यू' हे इंग्रजी अक्षर पुन्हा पुन्हा पाठवलं. हेच अक्षर का, तर त्याचे बिट एकाआड एक शून्य-एक असे येतात, म्हणजे ऑसिलोस्कोपवर, व्होल्टेजचा आलेख पडद्यावर काढणाऱ्या यंत्रावर, देखणी चौकोनी लाट दिसायला हवी. लाइनवर दुसऱ्या एका प्लॅस्टिकच्या तारेचे चार-पाच वेढे घट्ट गुंडाळले आणि त्या वेढ्यांना ऑसिलोस्कोपचा प्रोब, म्हणजे मोजणीची सळई, लावला. तांबं तांब्याला कुठेच लागलेलं नाही.

पडद्यावर आधी दिसला तो नुसता ५० हर्ट्झचा डोंगर, खोलीतल्या वायरिंगचा. त्याच्या अंगावर बारीक दातेरी नक्षी होती, तोच माझा सिग्नल. गणित साधं आहे. वेढ्यांची क्षमता १ पिकोफॅरडच्या घरात, प्रोबची स्वतःची १२. पाच व्होल्टची उडी या दोघांत वाटली जाते आणि प्रोबच्या वाट्याला तेरावा हिस्सा येतो, ०.३८ व्होल्ट. तोही टिकत नाही. प्रोबच्या १० मेगाओहममधून तो झिरपत जातो, आणि एक बिट संपेपर्यंत, म्हणजे १०४ मायक्रोसेकंदांत, निम्म्याहून कमी उरतो. 'यू'ऐवजी सलग शून्यं पाठवली तर सिग्नल मधेच विरघळून जातो. ढोल आठवा: पलीकडच्याला थाप कळते, दाबून धरलेला हात कळत नाही.

मग टिकवण्याचा हट्टच सोडायचा. प्रोबला समांतर १०० किलोओहमचा रोध लावला. ५० हर्ट्झचा डोंगर शंभरपट खचला आणि पडद्यावर फक्त काटे उरले: लाइन वर गेली की वर जाणारा अणकुचीदार काटा, खाली आली की खाली जाणारा. मधली पातळी हरवली, पण ती लागतेय कुणाला? वरचा काटा दिसला की 'एक' धरायचा, खालचा दिसेपर्यंत तोच धरून ठेवायचा, मग 'शून्य'. एवढी आठवण ठेवणारं एक छोटं लॅच सर्किट पुढे जोडलं की मूळ चौकोनी लाट परत उभी राहते. एखादा काटा हुकला तरी गोंधळ पुढच्या काट्यापर्यंतच टिकतो.

गाड्यांमधली कॅन बस, म्हणजे गाडीतल्या यंत्रणा एकमेकींशी जिच्यावरून बोलतात ती तारांची जोडी, वाचणारे चिमटे याच धाटणीने चालतात. कॅनच्या दोन तारा एरवी २.५ व्होल्टवर असतात. बिट 'बोलताना' एक ३.५ वर चढते आणि दुसरी १.५ वर उतरते. चिमटा दोन्ही तारांवर आवरणावरूनच बसतो आणि चढउतार टिपतो. गाडीची वायर कापली जात नाही, आणि चिमट्याला ऐकता येतं पण बोलता येत नाही, म्हणून त्याच्याकडून चुकूनही ब्रेकच्या यंत्रणेला भलता संदेश जात नाही. माझ्या मते या तंत्राचा सगळ्यात शहाणा उपयोग हाच.

दोन तारा एकमेकींना पीळ घालून नेण्याचं पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये घेतलं, ते टेलिफोनच्या तारांनी शेजारच्यांचा गोंगाट उचलू नये म्हणून. पीळ दोन्ही दिशांनी कामाला येतो: बाहेरचं आत येत नाही तसं आतलं फारसं बाहेर जात नाही. नुसत्या शेजारी ठेवलेल्या दोन ताराही खूप फरक पाडतात. १ अँपिअरच्या एकट्या तारेचं क्षेत्र १० सेंटिमीटरवर २ मायक्रोटेस्ला असतं. परतीची तार ३ मिलिमीटरवर ठेवली की उरतं फक्त ०.०६. पण अगदी अंगाला खेटून बसलेल्याला ही वजाबाकी थांबवू शकत नाही.

शीतयुद्धातली गोष्ट त्याची साक्ष देते. १९७०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या 'हॅलिबट' पाणबुडीतल्या पाणबुड्यांनी ओखोत्स्क समुद्राच्या तळाशी, सुमारे १२० मीटर खोलीवर, सोव्हिएत नौदलाच्या केबलभोवती एक यंत्र बसवलं. केबलला भोक पाडलं नाही. यंत्र बाहेरूनच ऐकायचं आणि टेपवर साठवायचं; पाणबुडे परत जाऊन टेप बदलायचे. समुद्राखालच्या तारेला कोण हात लावणार, या भरवशावर बरंचसं बोलणं सांकेतिक भाषेत न बदलताच जात होतं. यंत्राचा सुगावा तंत्रज्ञानाने लागला नाही. अमेरिकेच्याच गुप्तचर संस्थेतले माजी कर्मचारी रोनाल्ड पेल्टन यांनी १९८० मध्ये माहिती विकली. त्याही आधी, १९४३ मध्ये, बेल लॅब या अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या एका संशोधकाच्या लक्षात आलं होतं की खोलीत सांकेतिक यंत्र चाललं की दूरच्या ऑसिलोस्कोपवर काटे उठतात. मग तिथल्या अभियंत्यांनी रस्त्यापलीकडे, ८० फुटांवर बसून तासभर नोंद घेतली आणि मूळ मजकुराचा सुमारे पाऊण भाग काढून दाखवला.

एवढं सगळं सांगितलं, पण रोजच्या कामात हे तंत्र बहुतेक वेळा एका साध्या कटकटीसाठी वापरलं जातं: शंभर सारख्या तारांच्या जुडग्यातली आपली जोडी कोणती? तिथे दुसऱ्याचा सिग्नल ऐकत न बसता आपलाच सोडायचा. एका टोकाला टोन जनरेटर लावायचा, तो तारेवर किरकिरा आवाज पाठवतो. दुसऱ्या टोकाला जुडग्यावरून प्रोब फिरवायचा. आत संवेदनशील अँप्लिफायर आणि स्पीकर, बाकी सगळं पेनासारखंच. गंमत अशी की आवाज दहा-बारा तारांवर येतो, कारण शेजारणींनी तो उचललेला असतो. सगळ्यात मोठा कुठे येतो ते कानाने ठरवायचं आणि मग खात्री करायची: संशयित जोडीच्या दोन्ही तारांची उघडी टोकं एकमेकींना टेकवायची. जोडी बरोबर असेल तर दोन तारांमधलं व्होल्टेज तिथल्या तिथे कोसळतं, आणि वाहणारा करंट जाता-येता स्वतःलाच पुसतो. प्रोब गप्प होतो. टोकं सोडली की पुन्हा किरकिर सुरू.